विमानात माणसं किती?

रुह्नू बेट मागे पडतंय न पडतंय तोच हेल्वेच्या छोट्या विमानातल्या नकाशाच्या पडद्यावर चिमुकल्या विमानाने उडी मारली आणि थेट कुठल्याशा धावपट्टीवर जाऊन बसलं. तिने पडद्याच्या काचेवर टिचकी मारली. "म्हणे पोहोचलो! मेल्या, खाली बघ, पाणी आहे पाणी!"

हल्ली या आखातावर हे रोजचंच झालं होतं. उपग्रहाचे संकेत कोण बिघडवतं, यावर तिच्या गावी, पार्नूच्या बाजारात मासेवाल्या बायासुद्धा तावातावाने बोलायच्या. पण त्या जमिनीवर उभ्या राहून बोलायच्या. इथे धुरकट हवा, खाली राखाडी समुद्र आणि शेजारची खुर्ची रिकामी. तिथे तिचा नवरा एंडेल बसायचा, मांडीवर कागदी नकाशा पसरून. वसंतात तो गेला. निदान रुह्नूला नणंदेकडे तरी एकटीने जाऊन यावं, म्हणून हेल्वे आज पहिल्यांदाच निघाली होती आणि आता घरी परतत होती.

आता होकायंत्र आणि घड्याळ, एवढंच हाताशी होतं. एंडेल कधी सरळ पार्नूवर नेम धरत नसे. मुद्दाम थोडा डावीकडे चुकायचा. सरळ गेलं आणि किनारा लागला, तर गाव कुठल्या अंगाला राहिलं कोण सांगणार? ठरवून डावीकडे चुकलं की किनारा लागताच डोळे मिटून उजवीकडे वळता येतं. "जन्मभर चुकलास, आता ठरवून चूक," असं ती त्याला चिडवायची. आज तिने गुपचूप विमानाचं नाक डावीकडे घेतलं.

पण किनारा काही येईना. वाऱ्याने कुठे ढकललं की काय, कळायला मार्ग नाही. पेट्रोलचा काटा खाली सरकत होता. मदत मागायची तिला लाज वाटत होती, पण शेवटी लाज गुंडाळून ठेवून तिने रेडिओवर पार्नूच्या विमानतळाला हाक मारली.

"तार्मो, माझा पडदा गेलाय. किनारा दिसत नाही."

"ऐकतोय, हेल्वे. घाबरू नकोस. पेट्रोल आहे ना?"

"आहे थोडं. फार नाही."

"बचावाची बोट तयार ठेवायला सांगतो. विमानात माणसं किती?"

"दोन."

एंडेलच्या शवपेटीला तार्मोनेच खांदा दिला होता.

"पुन्हा सांग, हेल्वे."

"कान फुटले का तुझे? दोन!" ती खेकसली. चुकलं, हे तिला पहिल्या वेळीच कळलं होतं, तरी खेकसली.

"अगं बाई, तू पाण्यात पडलीस तर पोरं तुला वर काढतील आणि त्या गारठ्यात दुसऱ्याला शोधत बसतील. त्यांना काय सांगू मी? माणसं किती?"

हेल्वेने शेजारी पाहिलं. हे वाक्य तिला अजून कुठेच म्हणावं लागलं नव्हतं. दफनाच्या दिवशी नाही, आज नणंदेच्या स्वयंपाकघरातही नाही. सगळ्यांना आधीच ठाऊक असायचं.

"एक," ती म्हणाली. "एकच आहे रे. मी एकटी आहे, तार्मो."

आणि वसंतापासून अडलेलं रडू एकदम फुटलं. हात मात्र तिने विमान वळवायच्या दांड्यावरून काढले नाहीत.

"बरं. एक," तार्मो म्हणाला. "एंडेलसारखं डावीकडेच धरलंयस ना?"

"हो."

"मग येईल किनारा. समोर बघ. दिसतंय काही?"

धुरकटात एक काळसर पट्टी होती. पाइनचं रान असावं.

"दिसतंय बहुतेक," हेल्वे म्हणाली. "थांब जरा, आधी डोळे पुसू दे."