नानांसाठी थांबणारी बस

माझ्या मूत्राशयाला मी मनातल्या मनात साहेब म्हणते. केंद्र सरकारच्या कचेरीत अर्धा जन्म गेलेल्या बाईला दुसरं काय सुचणार! साहेबांनी बोलावलं की हातातलं टाकून उठायचं, धावत जायचं आणि गेल्यावर कळायचं की साहेबांचं विशेष काही काम नव्हतं. खुर्चीत परत टेकते न टेकते तोच पुन्हा बोलावणं. त्यात ओटीपोटात अशी आग, की आत कुणी मिरची वाटून ठेवलीय.

कित्येक वर्षं डॉक्टर त्याला इन्फेक्शन म्हणत राहिले. लघवीची तपासणी दर वेळी स्वच्छ यायची, तरी गोळ्या चालूच. एकानं तर चष्म्यावरून बघत सांगितलं, "टेन्शन है, रेवतीजी. शादी कर लीजिए." ज्या दुखण्यापायी मी ठरत आलेलं लग्न मोडलं, त्याच्यावर हा उपाय! शेवटी एका डॉक्टरबाईंनी दुर्बिणीतून तपासलं आणि दुखण्याचं नाव सांगितलं, इंटरस्टिशियल सिस्टायटिस. मूत्राशयाचं आतलं अस्तर दुखावलंय, जंतू नाहीतच, म्हणून रिपोर्ट स्वच्छ. पूर्ण बरं होईलच असं नाही, सांभाळत राहायचं.

मग सांभाळणं सुरू झालं. चहा सुटला, टोमॅटो सुटला, लिंबू सुटलं. फोनवर बघून मी खालचे स्नायू आवळून धरायचे व्यायाम मन लावून करत होते, आणि दुखणं वाढतच होतं. फिजिओथेरपिस्ट मीनाक्षी रोहतकची. तिनं तपासलं आणि कपाळाला हात लावला. "मॅडम, ये तो पहले से मुट्ठी बनी हुई है. आप और कस रही हैं? ढीला छोड़िए. साँस पेट तक जाने दीजिए." सैल सोडणं हाही व्यायाम असतो आणि तो भलताच अवघड असतो, हे मला तेव्हा कळलं.

यातलं एक अक्षरही मी नानांना सांगितलं नव्हतं. नाना म्हणजे माझे वडील, सूर्यकांतराव. सेक्रेटरिएटमधून निवृत्त, घरातही कडक इस्त्रीचा सदरा. आई गेल्यापासून माझ्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही दोघंच, आणि बाथरूम एकच. नाना चारचौघांत 'लघवी' हा शब्द उच्चारणारे गृहस्थ नव्हते. 'जरा हात धुऊन येतो' म्हणायचे, तेही हळूच. अशा माणसाला मुलीनं काय सांगायचं आणि कसं?

दर संक्रांतीला दिल्लीतल्या मराठी लोकांची बस पानिपतला, काला अंबच्या युद्धस्मारकाला जाते. नाना एकदाही चुकले नाहीत. कराडकडून पुतण्यानं आणलेलं कृष्णेचं पाणी तांब्याच्या छोट्या गडूत भरून न्यायचे आणि स्मारकाच्या पायथ्याशी ओतायचे. "दाण्यापाण्यावाचून लढले ते," म्हणायचे. "दाणा नाही, पाणी तरी पोचवू." मी मात्र दर वर्षी ऑफिसचं निमित्त काढायची. बसमध्ये दोन तास साहेबांना कोण थोपवणार? एका वर्षी नानांचे गुडघे फारच कुरकुरायला लागले, हाताला धरणारं कुणी हवं होतं, तेव्हा मी गेले.

आणि जाताना शुद्ध वेडेपणा केला. आदल्या संध्याकाळपासून पाणीच प्यायले नाही. पाणी तोडलं की लघवी दाट होते आणि आग दुप्पट होते, हे मीनाक्षीनं बजावलेलं असताना!

कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सदनाच्या फाटकातून पहाटे बस निघाली. बसचे सर्वेसर्वा मारुतराव, कँटोन्मेंटमधले निवृत्त सुभेदार, गळ्यात शिट्टी. त्यांचा नियम एकच. "गाडी मध्ये थांबणार नाही! मुरथलच्या ढाब्यांवर थांबली की मराठी माणूस पराठा खाल्ल्याशिवाय चढत नाही." सगळे हसले. धुक्यात गाडी मुंगीच्या पावलानं चाललेली. सोनीपत मागे पडेपर्यंत मी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून बसले होते, डोळ्यांत पाणी, दात आवळलेले. नानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ते उभे राहिले, सदरा सारखा केला आणि भर बसमध्ये म्हणाले,

"मारुतराव, गाडी थांबवा. मला लघवीला लागलीय."

ढाब्यावर त्यांनी माझी पर्स स्वतःकडे घेतली आणि बायकांच्या बाजूला, कोपऱ्यावर उभे राहिले. आत मी घामाघूम. इतका वेळ आवळून धरलेलं आता सुटेचना. बाहेर शिट्टी वाजायला लागली. मग नानांचा आवाज आला, "शिट्टी बंद करा हो! म्हाताऱ्याला वेळ लागतो." मी भिंतीला डोकं टेकलं, श्वास पोटापर्यंत जाऊ दिला, आणि सुटले.

बाहेर आले तर नानांनी पर्स पुढे केली. पुरुषांच्या बाजूला ते फिरकलेच नव्हते. बसची पायरी चढताना मोठ्यानं म्हणाले, "हां! आता कसं बरं वाटलं!" सगळी बस खो खो हसली.

आम्ही पोचलो तेव्हा मुख्य कार्यक्रम संपला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नानांनी शांतपणे गडू उघडला. "अडीचशेच्या वर वर्षं थांबलेत ते. अर्ध्या तासानं रागावणार नाहीत."

घरी आल्यावर मी म्हटलं, "नाना, मी सांगून टाकते सगळ्यांना खरं काय ते."

ते मफलरची घडी घालत होते. "तू काही बोलायचं नाहीस. माझं वय झालंय, मला शोभतं. तुझ्याबद्दल कुणी चारचौघांत खिदळलेलं मला चालणार नाही." आणि घडी बाजूला ठेवत, "पाणी पीत जा, बाळ. मी आहे."

त्यानंतर जिथे जाऊ तिथे नानांना लागायची. लग्नाच्या पंगतीत, गणपतीच्या आरतीआधी, मेट्रोत. माझा चेहरा आवळला की ते उठलेच. मारुतराव दर संक्रांतीला नवा विनोद करायचे. "नानांची टाकी छोटी!" "नाना, या वेळी नळाचा वायसर बदललात ना?" सगळ्यांत आधी नाना हसायचे. आयुष्यभर ज्या माणसानं सदऱ्याला सुरकुती पडू दिली नाही, तो भर मंडळात टिंगल ऐकत होता, आणि मी शेजारी पाणी पीत होते. मला दिल्ली दाखवली त्या माणसानं, ती राहण्याजोगी केलीही त्यानंच.

गंमत म्हणजे त्यांच्या तपासण्या दर वर्षी चोख यायच्या. प्रोस्टेट, किडनी, सगळं ठणठणीत. थांबलं ते हृदय. भाद्रपदात, सकाळी, पेपर वाचता वाचता.

दिवसकार्याला घर माणसांनी भरलं. एकुलत्या बाथरूमला सदैव कडी. जो तो चहाचा कप पुढे करी, "एक घोट तरी घे," आणि मी घेई. नाही म्हणायचं त्राण नव्हतं. मग आग भडकली. नानांच्या कॉटवर गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून मी पडले होते, बाहेर बाथरूमसमोर रांग होती, आणि त्या सगळ्या गोतावळ्यात उठून 'मला लागलीय' म्हणणारं एकही माणूस नव्हतं. नाना गेले हे मला त्या क्षणी कळलं. मीनाक्षीकडे गेले तर ती हळूच म्हणाली, "फिर मुट्ठी बन गई, मॅडम." मी म्हटलं, "हो."

यंदा संक्रांत आली. गडू मी पर्समध्ये ठेवला. बस तीच, धुकं तेच. शेजारच्या सीटवर कुणी बसलं नाही, लोकांनी आपणहून मोकळी सोडली होती. मारुतराव उभे राहिले. "आपले नाना या वर्षी नाहीत. तर गाडी आता कुठेही न थांबता नेऊ, वेळेवर पोचू. वरून बघतील आणि म्हणतील, चला, आज माझ्यामुळे खोळंबा नाही."

दोघंतिघं हसले. मायेनंच हसले. माझ्या अंगाची मात्र लाहीलाही झाली. सोनीपत मागे पडलं आणि साहेबांनी बोलावलं. मी सवयीनं शेजारी पाहिलं. मग उभी राहिले.

"मारुतराव, गाडी थांबवा. मला लघवीला लागलीय."

"ताई, फक्त अर्धा तास…"

"नानांना कधीच लागत नव्हती," मी म्हटलं. आवाज चढला होता, चढू दिला. "एकदासुद्धा नाही. मला लागायची. मला मूत्राशयाचा आजार आहे, थांबता येत नाही. तुमचे सगळे विनोद माझ्यावरचे होते, मारुतराव. नाना ते नुसते आपल्या अंगावर झेलत होते."

मारुतरावांचा हात शिट्टीवर गेला आणि तिथेच राहिला. त्यांच्या बायकोनं, शेवंताकाकूंनी, पदर सावरला. "थांबवा हो गाडी. नाना होते म्हणून आमचीही सोय व्हायची. मी कालपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही."

ढाबा तोच. दारापाशी आले आणि न बघताच पर्स मागे धरली. ती घ्यायला हात आला नाही. पर्स फरशीवर पडली, आतला गडू ठणकन वाजला.

आत भिंतीला डोकं टेकलं. श्वास पोटापर्यंत जाईना. किती वेळ गेला ठाऊक नाही. बाहेर कुणी शिट्टी वाजवली नाही, कुणी दार ठोकलं नाही. मग मी रडले, हमसून हमसून, आणि रडता रडता एकदाची सुटले.

बसपाशी आले तर मारुतराव पायरीजवळ मान खाली घालून उभे. सगळे माझ्याकडे बघत होते. मी पायरीवर पाय ठेवला आणि नाना म्हणायचे तसं मोठ्यानं म्हणाले, "हां! आता कसं बरं वाटलं!"

खोटं होतं. ते म्हणायचे तेव्हाही खोटंच असायचं. पण कुणी हसलं नाही.