शिरवण्याची पाहुणी

"चप्पल भायेर काड. आनि हलू बोल, कपिला बुजरी हाय," असं म्हणून पुतळाबाई कमरेत वाकून गोठ्यात शिरल्या.

सुगत सरवदेने चप्पल काढली आणि मागोमाग आत गेला. आत एकही जनावर नव्हतं.

तसं त्याला आधीच सांगितलं होतं. शिरवणे गावातल्या त्या चार मजली इमारतीच्या मागे एवढाच एक कौलारू तुकडा उरला होता. इमारतीचा मालक हितेश हा पुतळाबाईंचा मुलगा. त्याने सुगतला जिन्यातच गाठलं होतं. "सर, आईचं मनावर घेऊ नका. बारा वर्षं झाली, गोठा रिकामा आहे. पण पशुगणनावाले आलेत हे तिला कळलंय. बघितल्यासारखं करा, नायतर जेवणार नाय ती."

सुगत पशुधन पर्यवेक्षक होता. यंदाच्या गणनेत ऐरोलीपासून नेरूळपर्यंतचा पट्टा त्याच्या वाट्याला आला होता. रबाळ्याच्या बाजूचे दोन-तीन म्हशींचे तबेले सोडले, तर बाकी सगळीकडे सोसायट्या. दार उघडायचं, लोक हसायचे, तो मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये 'निरंक' टाकायचा आणि पुढच्या मजल्यावर जायचा. इथेही दोन मिनिटांचं काम, असंच तो धरून चालला होता.

भर दुपारचे दोन वाजले होते. बाहेर डांबर तापलेलं, आणि आत पायाखालची फरशी गार, ओली. कुणी नुकतीच धुतल्यासारखी. सुगत थबकला तो वासाने. रवंथाचा आंबूस, उबदार वास. रिकाम्या गोठ्यात हा वास महिनाभरही टिकत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"अकरा हायत," पुतळाबाई म्हणाल्या. "मोज."

"सांगा तुम्ही, आजी. मी लिहितो."

त्या पहिल्या खुंट्यापाशी गेल्या. "ही कपिला. आमच्याच खारीकाठची. लान हाय, तपकिरी, पन उनाला हटत नाय. तिच्या बाजूला डांगी. कवराबी पाऊस परूं दे, अंगावर थेंब रवत नाय."

सुगत मान हलवत होता. डांगीच्या कातडीला तेल सुटतं, म्हणून पाणी निथळून जातं; कोकणकपिलेची शिंगं सरळ, बांधा आटोपशीर. म्हातारी बरोबर सांगत होती. पण त्याची नजर तिच्या हातावर खिळली. बोलताना ती प्रत्येक खुंट्याशी हवेत हात टेकवत होती. कपिलेपाशी हात स्वतःच्या पोटाच्या उंचीवर थांबला. डांगीपाशी वर चढला. पुढे गीर होती, फुगीर कपाळाची, पानासारख्या वळलेल्या कानांची. तिथे हात खांद्याला लागला. आणि दोन खुंट्यांच्या मधून जाताना म्हातारी अंग चोरून, मागच्या पायांपासून बाजूने जात होती. बावीस वर्षं सुगत जनावरांची उंची पट्टीने मापत आला होता. म्हातारीचं एकही माप चुकलेलं नव्हतं.

नकळत तोही अंग चोरून उभा राहिला.

"मेंढी पन धरतास का?" कोपऱ्याकडे बोट करत पुतळाबाईंनी विचारलं. "धनगरांच्या कलपातली. लंगरी झाली म्हनून टाकून गेलं."

"काळी असेल. दख्खनी," सुगतच्या तोंडून गेलं.

"काली कशी? पांढरी हाय, त्यावर तपकिरी डाग. नाक बघ ना, पोपटासारखा."

माडग्याळ. सांगलीकडची. सुगतने कोपऱ्यात पाहिलं. गवताची एक काडी जमिनीवरून उचलली गेली, हलत हलत आखूड झाली आणि नाहीशी झाली. वारा असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. गोठ्याला खिडकी नव्हती.

"आनि ही पाव्हनी," पुतळाबाई चौथ्या खुंट्याशी थांबल्या. त्यांचा आवाज बदलला. "हिची जात आमाला कंदी कलली नाय. इकरं अशी गाय नसतेच. पांढरी, नि काले डाग कशेबी पसरलेले. उजव्या खांद्यावरचा डाग तर मानसाच्या पंज्यासारखा. बोटां पन पाच."

सुगतच्या हातातला मोबाइल खाली आला.

ती देवणी होती. देवणीतली शेवरा. पांढऱ्या अंगावर असे विस्कटलेले डाग उदगीरकडेच बघायला मिळतात. लहानपणी तो स्वतःचा तळवा त्या डागावर ठेवून बघायचा, की आपला हात केवढा वाढला. सोळाव्या वर्षी दोन्ही पंजे बरोबर जुळले. त्याच वर्षी दुष्काळ पडला. वडील, कोंडिबा, पाय मोडून अंथरुणाला खिळले होते आणि दावणीला कडब्याची पेंढी उरली नव्हती. आई म्हणाली, "बाजारात ने तिला." उदगीरच्या बाजारात शेतकरी कुणी हात लावेना. शेवटी मुंबईच्या एका व्यापाऱ्याने दावं हातात घेतलं. ट्रकमध्ये चढताना गायीने दोनदा मागे वळून बघितलं. तो ट्रक कुठे जातो हे बाजारात सगळ्यांना माहीत होतं. घरी येऊन त्याने वडिलांना सांगितलं, औशाच्या एका बागायतदाराने नेली, त्याच्या विहिरीला बारमाही पाणी आहे. कोंडिबा एवढंच म्हणाला, "बरं झालं."

तीस वर्षं ते खोटं सुगतच्या पोटात होतं.

"कुठून आणलीत हिला?" त्याने विचारलं.

"आनली नाय, आली. हायवेला जनावरांचा टरक बंद परला. दोन दिस उनात. मंग दुसरी गारी आली, सगली नेली. ही उठलीच नाय. मेली म्हनून टाकून गेलं. आमचं हे, वामन, त्यांनी चौघांना घेतला नि दाराच्या फलीवर घालून घरा आनली. तीन दिस भाताची पेज पाजली. चवथ्या दिशी उभी रायली." त्या हसल्या. "तेरा वर्सं होती. म्हातारी होऊन गेली, माज्या मांडीवर मान ठेवून. फकस्त नावाला ओ देली नाय कंदी. आमी किती नावांनी हाका मारल्या. तिचा जुना नाव येगला असंल."

सुगत चौथ्या खुंट्याजवळ गेला. आपण शासकीय कामावर आहोत, असं त्याने एकदा मनाशी म्हटलं. आणि मग अगदी हळू हाक मारली,

"सरू."

खुंट्याची साखळी ताणून सरळ झाली. कसलीतरी उष्ण हवा त्याच्या हातावर आली, गेली, पुन्हा आली. तो हात मागे घेऊ शकला नाही. खरखरीत काहीतरी मनगटावरून एकदाच फिरलं. मग साखळी पुन्हा सैल पडली आणि फरशीवर खणखणली.

त्याने मनगट पाहिलं. ते ओलं होतं.

"सरू व्हय," पुतळाबाई म्हणाल्या, जणू इतक्या वर्षांनी पाहुणीने आपलं नाव सांगितलं. "लिवलंस का?"

"आजी, ह्या फॉर्ममध्ये..." तो अडखळला. "ह्यात फक्त जित्या जनावरांना जागा आहे."

"मंग गेलेल्यांना कोन मोजतं?"

मोबाइलवर त्याने 'निरंक' टाकलं, कारण ते खरं होतं. मग पिशवीतून स्वतःची वही काढली आणि त्यांच्या समोर बसून अकराही जनावरं लिहिली. जात, रंग, शिंगं, खोड. कुणी मारकं, कुणी बुजरं. पुतळाबाई सांगत गेल्या. चौथ्या ओळीत त्याने नाव लिहिलं.

संध्याकाळी ऐरोलीच्या फ्लॅटवर कोंडिबा गॅलरीत बसला होता. सुगत त्याच्या पायाशी बसला आणि एका दमात सगळं बोलून गेला: बाजार, व्यापारी, ट्रक, औशाची थाप. कोंडिबा खाडीकडे बघत राहिला.

"औशाला गेलतो मी," तो म्हणाला. "पाय बरा झाल्यावर. दोन दिवस इचारीत हिंडलो. तवाच कळलं."

"मग बोलला का नाही?"

"तू सोळा वर्साचा व्हतास. अजून किती वजन टाकायचं तुझ्यावर?" त्याने डोळे पुसले नाहीत, फक्त मिटले. "मंग कुटं हाय ती?"

'होती' असं त्याने विचारलं नाही. सुगतनेही दुरुस्त केलं नाही.

"शिरवण्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोंडिबाने धुतलेलं धोतर नेसलं. गोठ्याच्या दाराशी त्याने सुगतचा हात सोडला. "तू थांब हितंच," म्हणाला, आणि एकटाच आत गेला.

बाहेर हितेश गाडी काढत होता. त्याने हॉर्नवरचा हात मागे घेतला. आतून म्हाताऱ्याचा आवाज येत होता, हलका, सलग. घरातलं कोण गेलं, कोण आहे, नातवंडं कितवीला आहेत, पाऊसपाणी कसं आहे, असं सगळं. मध्येच तो थांबायचा, कुणाचं तरी ऐकून घ्यावं तसा, आणि पुन्हा बोलायला लागायचा.

पुतळाबाई पाण्याची बादली घेऊन आल्या, पण उंबऱ्याशीच थांबल्या. बादली खाली ठेवून त्यांनी पदर नीट केला. सुनेकडे माहेरचं माणूस आलं, की सासू जशी थोडा वेळ बाहेर बसते, तशा त्या पायरीवर बसून राहिल्या.