आकोंगचं मोठं कार्ड

पहिल्यांदा सासऱ्यांची ती तसबीर सापडली स्वयंपाकघरात, भाताच्या कुकरला टेकलेली. दुसऱ्यांदा न्हाणीघराच्या दाराशी. तिसऱ्यांदा मेंग-रूच्या पलंगावर, तिच्या उशीला लागून, तोंड वर करून पडलेली. तेव्हा मेंग-रूच्या सासूबाईंनी ठरवूनच टाकलं की म्हाताऱ्याला काहीतरी हवंय.

"चाळीस वर्षं संसार केलाय मी त्याच्याशी," सासूबाई म्हणाल्या. "तोंड उघडून काही मागेल तर शपथ. नुसता येऊन उभा राहायचा, आणि आपण ओळखायचं. आताही तेच चाललंय त्याचं."

सासरे जाऊन जेमतेम पाच आठवडे झाले होते. बागेत पेरूंना पिशव्या बांधता बांधता शिडीवरून उतरले, डोकं जड झालंय म्हणाले आणि खाली बसले, ते बसलेच. नवरा व्हिएतनाममधल्या बुटांच्या कारखान्यातून धावत आला, सगळं उरकून पंधरवड्याने परत गेला. तैवानमधल्या युआनलिनच्या त्या घरात आता तिघीच उरल्या होत्या. मेंग-रू, सासूबाई आणि पाच वर्षांची थांग-थांग.

सासूबाईंनी उदबत्ती लावली, दोन नाणी हातात घेतली आणि नवऱ्याला कौल लावायला बसल्या. भूक लागलीये का? नाणी म्हणाली, नाही. थंडी वाजतेय? नाही. सुपारी हवीये? एक नाणं उताणं पडलं, एक पालथं. म्हणजे हो.

"बघ, मेला तरी सुटली नाही," असं म्हणून त्यांनी तसबिरीपुढे सुपारीची डबी ठेवली. डोळे मात्र बाहीला पुसले. दुसऱ्या दिवशी डबी जागच्या जागी होती आणि तसबीर जिन्यात.

मेंग-रू औषधाच्या दुकानात नोकरी करणारी, शिकलेली बाई. तिचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण त्या आठवड्यात घरात वावरताना ती मान खाली घालून चालायची आणि दार उघडण्याआधी उगीचच खाकरायची, हे खरं.

गुरुवारी दुपारी ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मागून काहीतरी घासत घासत येतंय असा आवाज आला. तिच्या हातातला टॉवेल हातातच राहिला. वळून बघते तर थांग-थांग. दोन्ही हातांनी कवटाळून, पायरी पायरी ओढत पोरीने ती जड तसबीर तीन मजले वर आणली होती. आईच्या पोटाला तिने तसबिरीची कड टेकवली. आईने धरल्यावर हात सोडले. मग उजवा तळहात उघडून पुढे केला आणि वाट बघत उभी राहिली.

त्यापेक्षा भूत परवडलं असतं.

थांग-थांग बोलत नव्हती. काही हवं झालं की आकांत करायची, आणि काय हवंय त्याचा घरातल्यांनी अंदाज बांधायचा, असं चार वर्षं चाललं. आठ महिन्यांपूर्वी बालवाडीतल्या कुओ बाईंनी कार्डं सुरू केली. बिस्किटाचं चित्र समोरच्याच्या हातात ठेवायचं, बिस्कीट मिळवायचं. कुओ बाई एकच गोष्ट दर भेटीला घोकून घ्यायच्या, "कार्ड हातात पडलं की वस्तू द्यायची. तेव्हाच्या तेव्हा. थांब नाही, नंतर नाही. सुरुवातीला तिचं एकही कार्ड वाया जाता कामा नये."

सासूबाईंना ही सगळी थेरं वाटायची. सासऱ्यांनी मात्र ती मनावर घेतली. स्वतःचं कार्ड त्यांनीच बाईंकडे मागितलं. "बिस्किटाला कार्ड, झोक्याला कार्ड. मी काय बिस्किटाहून वाईट?" बाईंनी त्यांना शाळेच्या पांढऱ्या भिंतीसमोर उभं करून फोटो काढला. हेल्मेटने केस चपटे झालेले, तोंडभर हसू. ते कार्ड पोरीने कोणाच्याही हातात ठेवलं की हाक जायची, "आकोंग", आणि आजोबा हजर. बागेतून यायचे, अर्धी दाढी राहिलेली असताना यायचे, एकदा तर दवाखान्यात आलेला नंबर सोडून आले. गेले तोपर्यंत एकदाही चुकले नाहीत.

आणि ते गेले तेव्हा घरात त्यांचा एकट्याचा असा धड दुसरा फोटोच निघेना. सासूबाईंनी ते कार्ड उचललं आणि म्हणाल्या, "हाच करा मोठा. चांगला आलाय." फोटोवाल्याने फोटोतच त्यांच्या अंगात कोट घातला, गळ्यात टाय बांधला. चेहरा तोच, हसू तेच.

थांग-थांगला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पंचांगाप्रमाणे शवपेटी बंद करायच्या दिवसाचं आणि तिच्या जन्मवर्षाच्या प्राण्याचं पटत नव्हतं, म्हणून सासूबाईंनी तिला आत्याकडे ताइचुंगला पाठवून दिलं होतं. परत आली तेव्हा स्कूटर जागेवर, चपला जागेवर, माणूस नाही. आणि बैठकीच्या टेबलावर एवढं मोठं कार्ड. कार्डं लावायच्या फळ्यावरचं छोटं कार्ड मेंग-रूने आधीच काढून स्वयंपाकघराच्या खणात, चॉपस्टिकांच्या खाली दडवलं होतं. पोरीला त्रास नको म्हणून.

गच्चीवर ती पोरीला पोटाशी धरून म्हणाली, "आकोंग नाहीत गं राजा." पण पोरीला शब्द नको होते, आकोंग हवे होते. मेंग-रूने तसबीर टेबलावर नेऊन ठेवली. थांग-थांगने ती परत आणली. त्या दुपारी सात वेळा आणली. आठव्या वेळी मेंग-रूचा धीर सुटला आणि तिने तसबीर कपाटावर, छताशी नेऊन ठेवली.

त्यानंतर थांग-थांगने मागणंच सोडलं.

नुसते आकोंग नाही, काहीच मागेना. बिस्कीट नाही, झोका नाही. पाण्याचं कार्ड तिच्या हाताशी, पाण्याचा जग डोळ्यांसमोर, आणि ओठांना भेगा पडलेल्या. पेला तोंडाला लावला तर प्यायची, नाही लावला तर भिंतीकडे तोंड करून बसायची. रडणंसुद्धा नाही. मेंग-रूला तिच्या जुन्या आकांताची आठवण यायची. नवव्या दिवशी शाळेच्या वहीत कुओ बाईंनी लिहिलं, 'एकही कार्ड नाही. आज घरी येते.'

बाई आल्या, चहा न घेता फळ्यासमोर उभ्या राहिल्या. मेंग-रूने कपाटावर बोट दाखवून सगळं सांगितलं. खणातलं छोटं कार्डही काढून दाखवलं.

"थांग-थांगची आई," बाई म्हणाल्या, "ती रोज त्यांना बोलावत होती. आणि तिला कोणी उत्तरच दिलं नाही. आता तिच्या लेखी सगळीच कार्डं खोटी."

"मग मी काय देणार होते तिला? सांगा ना. कुठून आणून देऊ?"

बाईंनी पिशवीतून एक पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा काढला. त्यावर ठसठशीत लाल फुली होती. "शाळेत झोका मोडला की आम्ही हे झोक्याच्या कार्डावर ठेवतो. मग मुलाला नेऊन मोडका झोका दाखवतो. नाही, हेसुद्धा उत्तरच आहे. ते मिळालं की मूल पुन्हा मागतं. ती मोठा फोटो आणते ना, मग मोठ्यावरच ठेवावं लागेल."

सासूबाई भाजी निवडत होत्या, त्यांचा हात थांबला.

"लाल?" त्या म्हणाल्या. "सुतकात लाल? आणि तेही त्याच्या तोंडावर? शंभर दिवस झाले नाहीत त्याला जाऊन. तिकडे त्याला काय वाटेल, बायकोने खोडून टाकलं?"

"आमा, पोरीची वाचा—" बाई आजीला समजावू लागल्या.

"तुम्ही बाई, शाळेत काय ते करा. माझ्या नवऱ्याला फुली मारायची नाही."

बाईंनी तो तुकडा टेबलावर ठेवला आणि गेल्या. मेंग-रूने तो उचलला आणि आत निघून गेली. बोलली असती तर वाईट बोलली असती.

पौर्णिमेला नैवेद्य असतो, म्हणून सासूबाईंनी स्टूल लावून तसबीर खाली काढली, पुसली, टेबलावर मांडली. वाफाळता भात, तळलेला मासा, पेरूच्या फोडी. उदबत्त्या लावून त्या समोरच्या खुर्चीत टेकल्या. थांग-थांग भिंतीपाशी बसली होती. ती उठली. मेंग-रू दारात उभी राहिली.

पोरीने तसबीर उचलली. भाताचा वाडगा कलंडला, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. ती आईच्या समोरून गेली, थांबली नाही. आईकडे मागून झालं होतं. आमाच्या मांडीवर तिने ती तसबीर ठेवली, तळहात उघडला आणि पुढे केला.

सासूबाई त्या इवल्या हाताकडे बघत राहिल्या. कौल लावताना नाण्यांकडे बघायच्या तशा.

"तू होतीस होय," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, तोच फिरतोय." मग त्यांनी काचेवरची उदबत्तीची राख पुसली. "मलाही हवाय गं तो. मी कोणाकडे मागू?"

तसबीर खुर्चीत ठेवून त्या उठल्या आणि नातीचा तोच हात धरला. आधी नवऱ्याच्या पलंगापाशी नेलं. पांघरूण पुरतं उचलून दाखवलं. "नाही." मग स्कूटरपाशी. सीटवर धूळ बसली होती, त्यावर पोरीचा हात फिरवला. "नाही." मग भर उन्हात बागेत. मेंग-रू मागून चालत होती. पिशव्यांतले पेरू पिकून खाली पडले होते, शिडी तशीच झाडाला लागलेली. म्हाताऱ्याचं बसायचं स्टूल झाडाखाली होतं. सासूबाईंनी ते उलटं करून, हलवून दाखवलं, जणू आत कुठे असेल. "इथेही नाही."

घरी आल्यावर त्यांनी मेंग-रूपुढे हात केला. "दे तो तुकडा."

"आई, मी ठेवते."

"माझा नवरा आहे तो. मीच ठेवणार." फुली पहिल्यांदा टायवर पडली. त्यांनी ती उचलून नीट चेहऱ्यावर ठेवली. "रागवू नको रे," त्या त्याला म्हणाल्या. "पोरगी ताटकळलीये."

थांग-थांग फुलीकडे बघत राहिली. बोटाने तिने फुलीच्या दोन्ही रेघा गिरवल्या. मग तिच्या तोंडून जो टाहो फुटला तो ऐकून शेजारीण धावत आली. मनगटाला दात लावून ती दिवे लागेपर्यंत रडली, आणि तिच्याबरोबर आई आणि आमाही. रडणं संपल्यावर ती उठून फळ्याकडे गेली. पाण्याचं कार्ड काढून आईच्या हातात ठेवलं. मेंग-रू धावत जाऊन पाणी घेऊन आली. पोरीने अख्खा पेला रिकामा केला आणि कार्ड पुन्हा दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंग-रू तांदूळ धूत होती. थांग-थांगने तिच्या ओल्या हातात एक कार्ड ठेवलं. ते मेंग-रूचंच होतं, सासऱ्यांच्या मागोमाग बाईंनी तिचं आणि आमाचंही काढलेलं. तीच पांढरी भिंत, ओठ मिटून हसणारी ती. पोरीने तळहात पुढे केला.

"मी आहे," मेंग-रू म्हणाली आणि तिच्यासमोर खाली बसली. थांग-थांगने तिचं नाक चाचपलं, कान ओढून पाहिला. कार्ड नेऊन फळ्यावर लावलं. थोड्या वेळाने पुन्हा आणलं. मग आमाचं नेऊन आमाला दिलं. मग पुन्हा आईचं. पोर काय तपासतेय ते दोघींना कळत होतं. शाळेची वेळ टळून गेली तरी कोणी उठलं नाही.

पाचव्या खेपेला सासूबाईंनी ते कार्ड मेंग-रूच्या हातातून घेतलं आणि डोळ्यांजवळ धरून पाहिलं. "फोटो चांगला आलाय तुझा," त्या म्हणाल्या. म्हणाल्या आणि जीभ चावली; तसबिरीच्या वेळीही हेच शब्द होते. मेंग-रूने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

दुपारी कुओ बाई आल्या. सगळं ऐकून त्यांचेही डोळे भरले. जाताना त्यांनी तो लाल फुलीचा तुकडा परत मागितला, शाळेत एकच होता.

"मला एक करून द्याल?" मेंग-रूने विचारलं. "घरात ठेवायला. पुढे कधी लागलं तर."

बाईंनी का म्हणून विचारलं नाही. संध्याकाळी शाळेच्या शिपायाबरोबर नवा तुकडा आला. मेंग-रूने तो खणात, चॉपस्टिकांच्या खाली सरकवला. जरा वेळ तिथेच उभी राहिली. मग खण उघडून तो बाहेर काढला, आणि फळ्यावर स्वतःच्या कार्डाशेजारी, थांग-थांगचा हात पोहोचेल अशा उंचीवर लावला.