साडेसहाचा ब्रेकर

"गो विनीता, परत बंद पडला गो ह्या!"

हौसाबाईंची हाक मागच्या पडवीतून आली तेव्हा विनीताच्या हातात भाकरीचं पीठ होतं. तिने घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. साडेसहा झाले असणार. पिठाच्या हातानेच तिने मीटरजवळचा ब्रेकर वर केला. दहा-पंधरा सेकंद टबातलं पाणी घुसळल्याचा आवाज आला आणि टक् करून ब्रेकर पुन्हा खाली. परत वर केला, परत खाली.

"माका आता काढ भायर. थंडीन दात वाजतत माझे."

गेल्या पावसाळ्यात हौसाबाई विहिरीच्या पायरीवरून घसरल्या आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण सांधा आखडला तो आखडलाच. कोमट पाण्यात रोज अर्धा तास बसवा, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. घरच्या न्हाणीत ते जमेना. म्हणून प्रीतम, त्यांचा मुलगा आणि विनीताचा नवरा, ऑक्टोबरात सुट्टीवर आला तेव्हा गोव्याच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून पाणी तापवणारा, बुडबुडे सोडणारा फायबरचा टब टेम्पोत घालून थेट विजयदुर्गला घेऊन आला. प्रीतम मालवाहू जहाजावर इलेक्ट्रिशियन. टबासाठी मीटरपासून वेगळी लाइन, वेगळा ब्रेकर, सगळं त्याने स्वतःच्या हाताने केलं. काम संपलं ते निघायच्या दिवशी सकाळी. आई टबात बसली, हसली, आणि दुपारच्या गाडीने तो मुंबईला गेला.

तेव्हापासून अडीच महिने हा टब विनीताच्या मानगुटीवर बसला होता.

ती आरोग्य केंद्रात कामाला. घरी यायला सव्वापाच व्हायचे. घरात दुसरं कोणी नसताना करंट चालू ठेवायला हौसाबाई तयार नव्हत्या, त्यामुळे टब तापवायचा तो ती आल्यावरच. पाणी जरा कोमट होतंय, सासूला धरून-धरून आत बसवतेय, तोवर टक्. मग ओली, जड, कुरकुरणारी बाई एकटीने बाहेर काढायची. तिची स्वतःची कंबर आता बोलायला लागली होती.

आणि वर प्रीतमचा व्हिडिओ कॉल. जहाजावर रेंज असली की तो रोज उपचार सांगायचा.

"हीटरची वायर काढ आनि नुसतो पंप चालव."

"चालवलंय. तरी पडलो."

"मगे पंप काढ, हीटर चालव."

"ता पन केलंय. तरी पडलो."

"असा होवचाच नाय. तू कायतरी चुकतंस."

हे शेवटचं वाक्य ऐकलं की विनीताला फोन त्या टबातच बुडवावासा वाटायचा. त्याच्या सांगण्यावरून गावातल्या बाबली वायरमनकडून ब्रेकर बदलून झाला. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालून झाला. कणकवलीहून टबवाला मेकॅनिक आला, तो भर दुपारी. दोन तास टब चालला, एकदाही पडला नाही.

"मॅडम, टबमध्ये काहीच दोष नाही," तो म्हणाला. "संध्याकाळी तुमच्याकडे व्होल्टेज कमी येत असेल."

मग स्टॅबिलायझर आला. त्या संध्याकाळी साडेसहाला ब्रेकर पडलाच, फक्त पडण्याआधी स्टॅबिलायझर एकदा गुरगुरला.

प्रीतमने पडवीच्या खांबावर, टबाच्या वर, एक दिवाही लावला होता. अंधार पडला की आपोआप लागणारा. आई ओल्या लादीवर घसरू नये म्हणून. तो दिवा एकदाही लागलेला विनीताने पाहिला नव्हता. "तो खराब आसतलो, नवो घे," प्रीतम म्हणाला होता. नवा घ्यायला तिला वेळ कुठला? आधी टब चालू दे, मग दिव्याचं बघू, असं म्हणून तिने तो विषय सोडला होता.

जानेवारीतला एक रविवार. रविवारी तिला सुट्टी असायची, त्यामुळे हौसाबाई अकरा वाजता टबात बसायच्या आणि अगदी निवांत शेकून निघायच्या. रविवारचा टब कधी पडत नसे. त्या दिवशीही छान चाललं होतं. हौसाबाई डोळे मिटून बसल्या होत्या. विनीताने रात्रीची ओलसर गोधडी आणली आणि पडवीत ऊन यायचं तिथल्या दोरीवर टाकली. दोरी खांबाला बांधलेली होती.

ती दारापर्यंत पोचते न पोचते तोच, टक्.

"आज पन?" हौसाबाईंनी डोळे उघडले.

विनीताने जाऊन ब्रेकर वर केला. थोड्या वेळाने टक्. पुन्हा वर. टक्. ती तिथेच मीटरखाली भुईवर बसली. भर दिवसा! आता रविवारही गेला.

"काय झाला गो?"

"काय नाय, आये. बसा जरा."

बसल्या-बसल्या तिला वाटलं, आज वेगळं काय केलं? भाकरी नाही, मिक्सर नाही. टीव्ही बंद. गोधडी तेवढी वाळत घातली.

गोधडी आणि करंट यांचा काय संबंध, म्हणून ती स्वतःवरच चिडली. तरी उठली. गोधडी दोरीवरून ओढून काढली, ब्रेकर वर केला. एक मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. टब चालूच. आता ती खांबापाशी गेली. गोधडीच्या मागे झाकला गेला होता तो फक्त दिवा. स्टुलावर चढून तिने दोन्ही तळव्यांनी दिवा झाकला आणि मोजायला लागली. नऊ म्हणेपर्यंत तिची बोटं आतून लालभडक उजळली आणि त्याच क्षणी टक्.

दिवा खराब नव्हता. तो लागत होता, आणि लागताक्षणी टबाला घेऊन पडत होता.

तिने दिव्याच्या वायरी नजरेने धरल्या. एक वायर टबाच्या लाइनच्या पाइपात जात होती. दुसरी मात्र वाशावरून उलटी फिरून स्वयंपाकघराच्या जुन्या बोर्डात शिरली होती. एका दिव्याच्या दोन वायरी दोन वेगळ्या वाटांनी कशा? हे बरोबर नाही, एवढं कळायला जहाजावर जावं लागत नव्हतं. तिने सासूला बाहेर काढून कोरडं केलं, बाबलीला बोलावलं. त्याने मेन बंद केला, दिवा सोडवला, वायरींची तोंडं टेप लावून बंद केली.

"वैनी, ह्याचो न्यूट्रल, म्हंजे परतीची वायर, घरच्या लाइनीर जोडललो," बाबली म्हणाला. "टबाच्या ब्रेकरातसून गेललो करंट दुसऱ्याच वाटेन परत जाय. ब्रेकराक वाटता, करंट खंयतरी गळता. म्हनान तो पडता. पन ह्या असा केला कोणी?"

विनीताने त्याच्या हातात पैसे ठेवले.

संध्याकाळी तिने सासूला मुद्दाम पुन्हा टबात बसवलं. साडेसहा झाले. पावणेसात झाले. टब चालूच होता. तेवढ्यात प्रीतमचा फोन.

"ऐक, हीटरचो एलिमेंटच गेलो आसतलो. मी नवो मागवलंय. पार्सल तळेऱ्याक येतला, तू जावन—"

"एलिमेंट नको. टब चालता."

"कसो काय?"

तिने सांगितलं.

"त्या दिवशी दिव्याची वायर दोन हात कमी पडली, म्हनान घरच्या बोर्डात घातलंय," तो म्हणाला. "दुकान बंद होता. माका गाडी गाठूची होती. पुढच्या येळेक नीट करूया म्हटलंय... आनि इसरलंय."

"अडीच म्हयने तुमी माका सांगतास, तू चुकतंस."

"मी मुद्दाम नाय गो—"

"मुद्दाम कोण म्हणता? पन एकदा तरी म्हणूचा होता, माझा चुकला आसतला. मी आवशीक तुमच्या रोज उचलतंय. एकटी."

"विनीता, आनि एक सांगूचा होता," तो चाचरत म्हणाला. "कंत्राट दोन म्हयने वाढला. एप्रिलात येवक नाय जमाचा. जून होतला."

ती भिंतीला टेकली. कंबरेतून कळ गेली.

टबातून हौसाबाईंनी विचारलं, "कोण गो, प्रीतम? त्येका सांग, आज पाणी बरा आसा म्हनान."

"सांगतंय, आये," विनीता म्हणाली.

तिने ते काही सांगितलं नाही. "ठेवतंय," एवढंच म्हणून फोन ठेवला आणि सासूला धरायला पदर खोचून पडवीत गेली.