टिटवी

पेल्याच्या काठावर अडकवायची एक डबी माझ्याकडे आहे. बोटाच्या पेराएवढी, खाली दोन तारा. ओतलेला चहा त्या तारांना टेकला की ती अशी किंचाळते की भिंतीपलीकडच्या शेजारणीलाही कळतं, बाईंचा चहा झाला. मी तिला टिटवी म्हणते. ती येण्याआधी सहा महिने मी अर्ध्या पेल्यावर काढले. पेला कुठवर भरला ते दिसायचं नाही, आणि बोट बुडवून बघावं तर पोळायचं. आता काठोकाठ पिते. ज्याला यात काही विशेष वाटत नाही त्याने डोळ्यांना पट्टी बांधून एकदा उकळता चहा ओतावा आणि मग माझ्याशी बोलावं.

माझ्या नजरेचा मधला भाग गेलाय, कडेचं तेवढं दिसतं. मुलगा समोर बसला की मला त्याचे कान दिसतात, तोंड दिसत नाही. डॉक्टर म्हणाले, यावर उपाय नाही, जपून राहा. राहिले जपून. बोलणारं घड्याळ आणलं, पाणी उकळलं की आपली आपण बंद होणारी किटली आणली, शेगडीच्या बटणावर गोंदाचा थेंब वाळवून खूण केली. बरण्या सगळ्या एका मापाच्या, म्हणून साखरेच्या बरणीला एक रबर आणि मिठाच्या बरणीला दोन.

तसं हे मला नवीन नव्हतंच. एकतीस वर्षं मी छापखान्यात खिळे जुळवले. शिशाचं एकेक अक्षर लाकडी खणांतून उचलायचं आणि ओळीत लावायचं. नजर कागदावरच्या मजकुरावर, हात खणांवर. खणाकडे बघत बसणारीचं पान संध्याकाळपर्यंत पुरं व्हायचं नाही. म्हणजे न बघता काम करायला मी डोळे धडधाकट असतानाच शिकले होते. फक्त एक अट असायची. प्रत्येक अक्षर आपल्याच खणात हवं. दुसऱ्या कुणी खिळे भलत्या खणात टाकले की पानाचा बट्ट्याबोळ व्हायचा, आणि शिव्या मात्र जुळवणारीला.

"आई, आता पुरे," मुलगा एके दिवशी येऊन म्हणाला. "हे घर बंद करू. आमच्याकडे चल. तुला इकडची काडी तिकडे करावी लागणार नाही."

"मला करायचीय इकडची काडी तिकडे!"

"सोमवारचा टेम्पो सांगितलाय मी."

म्हणजे विचारायला आला नव्हता, कळवायला आला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "रविवारी तू आणि सूनबाई चहाला या. मी एकटीने करीन, कुणी जागचं हलायचं नाही. चहा धड झाला नाही तर आण तुझा टेम्पो, मी आपणहून पुढच्या सीटवर बसते. झाला, तर हा विषय या घरात पुन्हा निघणार नाही."

"ठरलं," तो म्हणाला. फारच पटकन म्हणाला.

शनिवारी मी शेजारणीबरोबर डोळे दाखवायला गेले होते. परतले तर घराला साबणाचा वास. जादा किल्ली मुलाकडे असते, तेव्हा सूनबाई येऊन फरशी पुसून गेली असेल असं समजले. बरंही वाटलं.

रविवारी दोघं आली, टेबलाशी बसली. मी किटली लावली, पेले मांडले. पेल्यांवर आळीपाळीने टिटवी बसवली आणि तिसऱ्यांदा ती ओरडली तेव्हा सून खुदकन हसली. टेबलावर थेंब सांडला नाही. साखरेची डावीकडून तिसरी बरणी हाताला आली, रबर लागलं नाही. तुटलं असेल, म्हटलं. ऐटीत होते मी. प्रत्येक पेल्यात दोन दोन चमचे घातले, ढवळले, पेले पुढे सरकवले.

मुलाने घोट घेतला आणि खुर्ची मागे ढकलून थेट मोरीकडे धावला. थुंकल्याचा आवाज आला. मग तो हळूच, अगदी समजूतदारपणे म्हणाला, "आई, मीठ आहे गं."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. शब्द दिला होता मी. पुढच्या सीटवर बसलेली मी मलाच दिसायला लागले.

"आई, अहो," सून चाचरत म्हणाली, "काल बरण्या मी उतरवल्या होत्या. टेम्पोत चिकट नकोत म्हणून पुसल्या. ती रबरं तेलकट झाली होती, टाकून दिली."

"आणि परत कुठे ठेवल्यास?"

"जागा होती तिथे."

मी उठले. "चूक माझीही आहे. चाखून बघायला हवं होतं. मी तपासणी न करताच पान छापायला सोडलं. पण तुम्ही दोघं ऐका. या घरात मी आंधळी नाही. काल तासभर दुसऱ्याचा हात फिरला आणि मी आंधळी झाले. तुमच्या घरी हे रोज होईल. रोज कुणीतरी मायेने काहीतरी आवरेल, आणि मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून चहाची वाट बघत राहीन. ते मला जमणार नाही!"

मी सगळ्या बरण्या खाली घेतल्या. हलवून आवाज ऐकला, हुंगलं, चिमूट जिभेवर ठेवली. एकेक आपल्या जागी गेली.

"रबर हवंय," मी म्हटलं.

सुनेने केसांना बांधलेलं काढून माझ्या हातात दिलं. "एक साखरेला ना, आई?" म्हणाली. मिठासाठी मग पर्समधून आणखी दोन काढली, आणि बरणीला तिनेच लावली.

दुसरा चहा मी आधी चाखला. टिटवी तीनदा ओरडली. मुलाने पेला संपवला आणि खाली ठेवला. मग फोन लावून म्हणाला, "उद्याचा टेम्पो नको."

निघताना मी दारात हात पुढे केला. "किल्ली."

"आई, अगं, उद्या काही झालं तर?"

"तर कडी वाजव."

त्याने किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. हात जरा वेळ तसाच ठेवला.

"आणि तू उघडलं नाहीस तर?"

"शेजारणीकडे दुसरी आहे. पण आधी वाजव. घरात उघडणारं माणूस आहे अजून."