खरडलेला थर

सुमनआत्या आठवली की आधी खुरप्याचा आवाज येतो, खर्र, खर्र. आश्विनातलं तिरकं ऊन नानाखेड्यापलीकडच्या तिच्या वावरावर पसरलेलं असे आणि पदर खोचून बसलेली आत्या जमिनीचा वरचा थर खरडून बाजूला लोटत असे. माती-परीक्षणाच्या नोकरीत तिची हयात गेली. नमुना घ्यायचा तो वरचा पाचोळा काढूनच, हा तिचा धर्म. त्या पाचोळ्याबरोबर गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्याही जात, आणि अहवाल दरवर्षी सांगे, स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, कमी.

तिचे यजमान, बँकेतून निवृत्त झालेले काका, एकदा म्हणाले, "त्या गोळ्यांसकट घे की." पाहुण्यांदेखत आत्या खळखळून हसली. "अहो, ही माती आहे, बँकेचा काउंटर नाही! तुम्ही बस चहा प्या." काकाही हसले, पण कपाकडे बघत. त्याच वर्षी तिने पोत्यांनी खत टाकलं, मुळं खाणाऱ्या हुमणी किडीसाठी दाणेदार औषधही टाकलं, आणि गांडुळं दिसेनाशी झाली.

स्फुरद जमिनीत होतंच. काळ्या मातीतला चुना ते कंजुषासारखं मुठीत धरतो. गांडुळाच्या पोटातून गेलेल्या मातीत मात्र ती मूठ सैल होते आणि मुळांना त्यातलं थोडं मिळतं. शेजारच्या बांधावरच्या गोळ्या आत्याने सहज वेगळ्या तपासल्या, तेव्हा तिला ते दिसलं. तोवर काका गेले होते.

"चूक कुणाचीही होते," ती मला म्हणाली, "पण मी हसले रे." तेव्हापासून हसू आलं की तिचा पदर तोंडावर जातो. त्या लाजेपायी तिने औषध बंद केलं, वावरात पाचोळा अंथरला आणि काही वर्षं गुमान वाट पाहिली.

गेल्या कार्तिकात मी सोबत होतो. लिंबाखालच्या ओलीत तिचं खुरपं अचानक थांबलं. पाचोळ्याखाली गोळ्यांची इवलीशी रास होती. तिने ती खरडली नाही, उन्हापासून झाकावं तसा तिच्यावर तळहात धरला आणि माझ्याकडे न बघता पुटपुटली, "अहो, आले बघा तुमचे लोक वापस."

गांडुळं परततात, माती पुन्हा सैल होते. ज्याला हे सांगायचं तो मात्र परतत नाही, आणि त्याचं ते कपाकडे बघणं तेवढं वर्षानुवर्षं ताजं राहतं.