चाळीस फुटांवरचं पाणी

बहात्तर साली पारनेर तालुक्यात पाणी सोडून बाकी सगळं जमिनीतून निघत होतं. छबूबाईच्या विहिरीत चाळीस फुटांवर सुरुंगानं एक पोकळी उघडली, तर आत पोपटी, काचेसारखे स्फटिक दाटीवाटीनं उभे. नगरच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारे सहादेव काळोखे बातमी ऐकून पहिल्या एस.टी.नं आले. अपोफिलाइट! बारा वर्षं फळ्यावर काढलेली आकृती समोर बघून त्यांना बोलायचं सुचेना.

छबूबाईला सुचलं होतं. तिनं एक खडा चुलीत टाकून पाहिला होता. तो तडतडला, पापुद्रे सुटले, ओल्या लाकडागत फुसफुसला.

“दगडात पानी हाय, मास्तर! सुरुंगाचा बार बंद केलाय. हळदकुंकू वाह्यलंय. आता आपसूक पाझरंल.”

हाच प्रयोग काळोख्यांनी एम.एस्सी.ला काचनळीत केला होता आणि पहिला वर्ग मिळवला होता. बाईचं निरीक्षण अचूक होतं. वजनाच्या सोळा टक्के पाणी. फक्त ते सिलिकाच्या थरांमध्ये रेणूरेणूनं अडकलेलं. घागरीच्या कामाचं नव्हे.

पण बार बंद होता. चार दिवसांनी पुण्याहून त्यांनी बोलावलेला फोटोग्राफर येणार होता. तोवर पोकळी शाबूत राहिली, तर शोधनिबंधावर काळोख्यांचं नाव. तेव्हा ते शास्त्राला शोभेल असे गप्प बसले.

दुपारी छबूबाईनं तांब्या पुढे केला. पाणी तीन मैलांवरून डोक्यावर आलेलं. काळोखे प्यायले, आणि मग त्यांना गप्प बसवेना.

“बाई, हे पाझरणार नाही.”

“का वो?”

“लाव्हा थिजला तेव्हा आत बुडबुडे राहिले. पुढे गरम पाणी खडकात फिरलं, खडकच थोडाथोडा विरघळवून त्यानं हे दगड इथं बसवले. पाण्याच्या वाटा ह्यांनीच बुजवल्यात.”

“म्हंजी पानी येऊन गेलं?”

“काही कोटी वर्षांपूर्वी.”

“लईच उशीर झाला म्हना मला.”

“खालच्या थरात असेल. नक्की नाही. पण त्यासाठी हे फोडावं लागेल.”

सुरुंगवाला फक्रुद्दीन विडी विझवत म्हणाला, “सकाळी बोलायचं हुतं, सायेब. अर्धा दिस गेला.”

काळोख्यांनी तांब्या खाली ठेवला.

“पायजेत तेवढे काढून घ्या,” छबूबाई म्हणाली. “तासभर थांबतो आमी.”

काळोखे दोरानं खाली उतरले. बोटं सोलून निघाली. अखंड स्फटिक निघाले दोनच. तास भरायच्या आत ते वर आले आणि फक्रुद्दीनला म्हणाले, “चला, सुरुंगाची भोकं पाडायला घ्या.”